ओझ्याची रुंदी

इगतपुरीच्या डोंगराखाली
दिवस नसतो, रात्र नसते. पाळी असते.
मी सपाट पाठीची गाडी चालवतो.
माणसं नेत नाही. सामान नेतो:
सहा मीटरचे बोल्ट, जाळीचे गठ्ठे,
सिमेंटच्या गोण्या, डिझेलचं पिंप,
एकदा मुकादमाची मोडकी खुर्ची, वेल्डिंगला.

वामन गांगड नव्या पोरांना पहिल्या दिवशी
एकच गोष्ट विचारतो, "गाडीची रुंदी किती?"
पोरगं दारावर रंगवलेला आकडा वाचून दाखवतं.
वामन तंबाखू थुंकतो.
"सामान जेवढं बाहेर, तेवढी गाडी."

मला हे आईकडून ठाऊक होतं.
डोक्यावर मोळी घेऊन ती रानातून यायची
आणि आमच्या कुडाच्या दारापाशी
न बघताच आडवी व्हायची, खेकडीसारखी.
मोळीचं टोक कुठे संपतं
ते तिच्या मानेला कळायचं.
ठाऊक होतं. तरी.

त्या पाळीला छत पाझरत होतं,
आतून सारखी शिट्टी.
बारा बोल्ट चढवले. दोन पट्टे लागतात, एकच आवळला.
केबिनमागची आडफळी कुणीतरी काढून
दोन गोण्यांवर मांडली होती
आणि तिच्यावर चहाचे ग्लास.
चहा गरम होता.
मी म्हटलं, राहू दे, दोन वळणं तर आहेत.

दुसऱ्या वळणापुढे उतार.
ब्रेक मारला, गाडी थांबली,
बोल्ट नाही थांबला.
आवाज आधी आला की लोखंड, अजून सांगता येत नाही.
कानाजवळून काहीतरी गार गेलं,
समोरची काच पांढरी झाली,
टोपीवरचा दिवा विझला.
काळोखात हात लावून बघितलं.
कान होता.

साहेबांनी कागद भरला.
इजेच्या रकान्यात लिहिलं: निरंक.
खरंच आहे ते.

फक्त रोहिदास मेंगाळ,
जो रोज मागे, त्याच बोल्टांवर
पाय सोडून बसून यायचा,
बिड्या वाचवायच्या म्हणून तोंडाने सारखी शीळ घालत,
त्या दिवशी पोट बिघडलं म्हणून घरी होता.
त्याला बसू कोण द्यायचं?
त्या कागदावर तसा रकाना नव्हता.

आता निघण्याआधी मी गाडीभोवती तीन फेऱ्या घालतो.
पोरं हसतात, "नवस बोललात का, भाऊ?"
पट्टा हाताने ओढून बघतो. मग परत ओढतो.
आडफळीवर चहा ठेवणाऱ्याचा ग्लास मी एकदा
भिंतीवर फोडला, त्याचे पैसेही भरले.
सुरुंगाच्या कांड्या आणि टोप्या
एका पंगतीला बसवत नाही,
कुणी कितीही सोयरीक काढली तरी.
टोकाला लाल फडकं.
गाडी उभी केली की चाकाखाली पाचर,
सपाटीवरसुद्धा.

रोहिदास पायी येतो,
माणसांसाठी आखलेल्या कडेने,
चिखलातून, माझ्या सात पिढ्या उद्धरत.
शीळ बंद केली आहे त्याने.
शिव्या ऐकू येईनाशा झाल्या की
मी गाडी थांबवून आरशात बघतो.

परवा पाळी सुटली.
उजेडाला डोळे सरावेपर्यंत घोटी फाट्यावर उभा होतो.
एक पोरगं मोटारसायकलवर, मागे दुसरं,
दुसऱ्याच्या खांद्यावर नळाचे लांब पाइप,
भाल्यासारखे मागे निघालेले.
मी आडवा गेलो. गाडी थांबवली.
खिशातलं फडकं काढून टोकाला बांधायला लागलो.
पुढचा वैतागला,
"काका, दोन किलोमीटर तर आहे."

मी काही बोललो नाही.
गाठ आणखी एकदा आवळली.
मागच्याला म्हटलं, उतर, रिक्षात टाक पाइप, पैसे मी देतो.
तो हसला. गेले दोघं.

भाताच्या गिरण्यांचा कोंडा हवेत उडत होता.
त्यातून ते लाल फडकं
डावीकडे, उजवीकडे,
बराच वेळ दिसत राहिलं.